खुलासा : 'बकव्हीट' किराणा दुकानात पिशव्या भरत नव्हता

'अवर गँग' या जुन्या अमेरिकन विनोदी लघुपटांत बकव्हीट नावाच्या पोराचं काम करणारा बालकलाकार म्हातारपणी अ‍ॅरिझोनातल्या एका किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरायचा, ही गोष्ट अजूनही फिरते. ती साफ खोटी आहे.

1990 साली एबीसी वाहिनीच्या '20/20' कार्यक्रमाने असा एक माणूस खरा बकव्हीट म्हणून दाखवला. तो तोतया निघाला. 'अवर गँग'मधल्या पोरांच्या टोळीतला जुना सवंगडी, 'स्पँकी' जॉर्ज मॅकफार्लंड, यानेच ते उघडकीला आणलं. वाहिनीला चूक कबूल करावी लागली.

खरा बकव्हीट म्हणजे विल्यम 'बिली' थॉमस. जन्म लॉस एंजेलिसचा, 1931 चा. तो 1934 मध्ये टोळीत आला. सुरुवातीला हे पात्र चक्क मुलीचं होतं, केसांना रिबिनी बांधलेलं. मुलगा ते पुढे झालं. मालिका 1944 मध्ये संपेपर्यंत बिली तिच्यात होता. नंतर तो अमेरिकन सैन्यात गेला आणि परतल्यावर टेक्निकलर कंपनीत फिल्म लॅबचा तंत्रज्ञ झाला. म्हणजे पडद्यावरून उतरला, पण फिल्मशी नातं टिकवून. ही बाजू कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बालकलाकार म्हटला की त्याची परवडच झाली असणार, असं आपण धरूनच चालतो.

आणि सगळ्यात साधी गोष्ट : बिली थॉमस 10 ऑक्टोबर 1980 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने वारला, वयाच्या 49 व्या वर्षी. कार्यक्रम दाखवला गेला तेव्हा त्याला जाऊन जवळपास दहा वर्षं झाली होती.