कल चाचणीपासून समुपदेशन कक्षापर्यंत

कॉलेजात समुपदेशक असावा, याला आज कुणी आडवं येत नाही. पगार कुणी द्यायचा, एवढाच वाद उरतो. पण हा समुपदेशक आपल्याकडे आला तो करिअरच्या वाटेने. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केलं, १९५० मध्ये मुंबई सरकारने आपलं काढलं. मुलाचा कल यंत्रांकडे की हिशेबाकडे, त्याला आर्ट्सला घालावं की पॉलिटेक्निकला, हे चाचण्यांवरून सांगायचं, असं ते काम. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन आणि समुपदेशन हा शिक्षणाचाच भाग मानला, तरी मुलांपर्यंत पोचली ती मुख्यतः कल चाचणीच. रात्र रात्र झोप न लागणाऱ्या मुलाचं काय, हे त्या चाचणीत कुठेच बसत नव्हतं.

त्याच्यासाठी होतं ते थेट दुसरं टोक. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा इथली मनोरुग्णालयं इंग्रजी अमदानीतली. १९१२ चा कायदा तर ‘वेड्यां’ना ताब्यात घेऊन ठेवायचं कसं, याचाच. त्याच्या जागी १९८७ मध्ये नवा कायदा आला, पण त्याचाही भर रुग्णालयांचे परवाने आणि रुग्णांची भरती यांवर राहिला. ‘याला ठाण्याला दाखल करा’, ‘येरवड्याला पाठवा’ हे कट्ट्यावरचे विनोद तिथलेच. खचलेल्या मुलाला त्यातून एकच कळायचं: तोंड उघडलंस तर तुझी रवानगी तिकडे. कल चाचणी आणि मनोरुग्णालय यांच्या मधली जागा रिकामीच होती. गंमत म्हणजे ज्या ठाण्याच्या नावाने ही टिंगल चाले, तिथेच १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ उभी केली आणि मनाच्या तक्रारींवर मराठीत, चारचौघांत बोलायची सवय लावली.

सरकारी बाजूला मात्र एक मोठी अडचण कायद्यानेच घालून ठेवली होती. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ३०९ म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा. शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात काय व्हायचं? मुलाला कॅज्युअल्टीत आणलं की डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवणार आणि हवालदार जबाब घ्यायला येणार. त्यामुळे वॉर्डाबाहेरचा मामा आधीच बजावून ठेवायचा, ‘अपघात झाला म्हणायचं, बाकी एक शब्द नाही.’ कागदावर अपघात लागला की मानसोपचारतज्ज्ञाला बोलवायचं कारणच संपलं. मुलगा चार दिवसांनी घरी, आणि त्याचं दुखणं जिथल्या तिथे. या कलमाखाली तुरुंगात किती गेले यापेक्षा त्याच्या धाकाने उपचारांवाचून किती राहिले, हा हिशेब मला जास्त गंभीर वाटतो. तो कुणी मांडलेला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. खटला होता एका पोलीस शिपायाचा, रस्त्यावरच्या अपघातानंतर मानसिक आजार जडलेल्या. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम रद्दबातल ठरवलं, पण १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला. सुटका झाली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरून चालायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही, तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची, असं त्याचं कलम ११५ सांगतं. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ राहिलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला.

इकडे कॉलेजांचा पसारा वाढत गेला. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. घराण्यातला पहिला इंजिनिअर, त्याच्या फीसाठी काढलेलं कर्ज, पुण्यात कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा आणि पहिल्याच वर्षी लागलेली एटीकेटी. ‘वायडी बसला’, म्हणजे वर्ष वाया गेलं, हे गावी फोनवर सांगायचं कसं, हा प्रश्न गणिताच्या पेपरपेक्षा अवघड. रॅगिंगविरोधात महाराष्ट्राने १९९९ मध्येच कायदा केला. रॅगिंगवर नेमलेल्या राघवन समितीनंतर यूजीसीचे नियम २००९ मध्ये आले. प्रवेशाच्या वेळी सही करायचं प्रतिज्ञापत्र त्यातलं.

यातलं बरंचसं घडलं ते कुणाचा तरी जीव गेल्यावर. हैदराबादला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला (२०१६) आणि मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्या आत्महत्यांनंतर दोघांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि जातीवरून होणाऱ्या छळाला नुसता ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून गुंडाळता येईना. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, शाळकरी मुलं धरून. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं. जुलैमध्ये आणखी एका निकालात मार्गदर्शक तत्त्वं आली: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत. खरी ओढाताण इथून पुढे आहे. अनेक कॉलेजांत ‘समुपदेशन कक्ष’ ही पाटी कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येण्याआधी लागते आणि कक्षाचा अतिरिक्त कार्यभार मानसशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जातो. हेच प्राध्यापक अंतर्गत गुणही देतात, मग मुलगी त्यांच्यापुढे मन मोकळं करणार कशी? ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर निदान ही अडचण नाही, पलीकडच्या माणसाच्या हातात हजेरीपट नसतो, आणि मराठीतही बोलता येतं.