कंद धुऊ नका! (आमच्याकडून सुरण, कोनफळ, कणगर, रताळ्याचं बेणं नेणाऱ्यांसाठी)

दिवाळी झाली की दोन प्रकारचे फोन सुरू होतात. पहिला, "आमच्या वाडीत रूट सेलर (कंद साठवायचं तळघर) बांधून द्याल का, व्हिडिओत बघितलंय." आणि दुसरा जानेवारी-फेब्रुवारीत, सोबत फोटो, कंदांवर पांढरी बुरशी, आणि खाली लिहिलेलं "तुमचं बेणं खराब निघालं". दोघांनाही तेच तेच सांगावं लागतं म्हणून हे एकदाच लिहून काढलंय, बेण्याच्या पिशवीसोबत देतोय, घरी गेल्यावर नीट वाचा.

आधी तळघराचं. अमेरिका-कॅनडात बाहेर बर्फ पडतो, म्हणून तिथले लोक जमिनीत खोली खणतात, आत 0 ते 4 अंश तापमान आणि 90-95 टक्के ओल राहते, त्यात गाजर, बीट, कोबी सगळा हिवाळा टिकतं. पण जमीन खोल खणली की आत साधारण त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीएवढं तापमान मिळतं, आणि आपल्या रत्नागिरी पट्ट्यात ती सरासरी 26-27 अंश आहे. म्हणजे जांभा फोडून, लाखभर रुपये घालून तुम्हाला मिळणार काय, तर कोंदट गरम खोली, आणि जून लागला की भिंतीतून पाझर. आमच्याकडे बांधकामाची माणसं आहेत, पैसे मिळाले असते, तरी आम्ही हे काम घेत नाही. आणि घाबरू नका, आपले कंद मुळात गरम हवेतलेच आहेत, त्यांना थंडीची गरजच नसते.

उलट थंडीने ते बिघडतात. रताळी, कोनफळ, कणगरं फ्रीजमध्ये ठेवू नका. 12 अंशाच्या खाली रताळं बरेच दिवस राहिलं तर गाभा कडक होतो, मग कितीही उकडा, मधला भाग शिजत नाही.

आता खरी चूक, जिच्यामुळे तुमची मेहनत आणि आमचा अख्खा फेब्रुवारी वाया जातो. चाकरमानी मंडळी नाताळच्या सुट्टीत येतात, हौसेने कंद खणतात, मग पाईप लावून स्वच्छ धुतात, फोटो काढतात, ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतात आणि गाडीच्या डिकीत टाकून मुंबईला नेतात. तिथे वीस दिवसांत बुरशी. बेणं कितीही चांगलं असो, असं केल्यावर काहीही टिकणार नाही!

कारण समजून घ्या. खणताना कुदळ, पहार कितीही जपून मारली तरी सालीला ओरखडे पडतातच. आपल्याला खरचटलं की खपली धरते तसंच कंदाचं असतं, जखमेवर बुचासारखा कोरडा थर येतो आणि मग आत बुरशी शिरत नाही. त्याला 29 ते 32 अंश ऊब आणि दमट हवा लागते, कोनफळ-कणगराला साधारण चार ते आठ दिवस, रताळ्यालाही जवळपास तेवढेच. डिसेंबरातली आपली दुपार बरोबर तेवढीच असते बघा, देवाने फुकट दिलेली सोय आहे. तुम्ही फक्त एवढंच करायचं, खणल्यावर माती हाताने झटकायची, पाणी लावायचं नाही, पडवीत सावलीला एका थरात पसरायचे, वर कोरडं गोणपाट टाकायचं आणि आठ-दहा दिवस विसरून जायचं. उन्हात नको, उन्हाने साल भाजते. ज्याला पहार खोल लागली असेल तो बाजूला काढा आणि त्याच आठवड्यात खाऊन टाका, पोपटी (मडक्यात भाजायचा बेत) लावणार असाल तर त्यातच घाला. साठवणीत असा एक गेला तर शेजारचे चार नेतो.

याच कारणासाठी आम्ही माल मातीसकट विकतो. "मातीचं वजन धरता" असं काही जण तोंडावर बोलून जातात, वाईट वाटतं. आम्ही झटकून देतो आणि वर किलोमागे 50 ग्रॅम सोडतो. बाजारात धुतलेला चकचकीत सुरण मिळतो, आजच्या भाजीला तो छानच, पण ठेवायला घेऊ नका.

सुरण मात्र घाईने काढू नका. पाला पिवळा पडून खोड आपोआप आडवं झालं की मगच, लावल्यापासून आठ-नऊ महिने धरा. कोवळा गड्डा टिकत नाही. अर्धा कापून उरला तर कापलेल्या बाजूला चुलीतली राख चोळा, हवेवर उघडा ठेवा, पुढच्या वेळी वरची चकती तासून टाकली की झालं.

वाळूत पुरून ठेवायचे असतील तर वाळू नदीची, उन्हात वाळवलेली. किनाऱ्यावरची आणू नका. एका ताईंनी दोन बादल्या समुद्राची रेती घातली होती, त्यात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं, सगळी रताळी खालून ओली झाली. तशीही ती किनाऱ्यावरच राहू दे.

आमच्या आजीकडे कंद माळ्यावर बांबूच्या तट्टीवर असायचे, खाली चूल, वर धूर, आणि तवशी-कोहळे वाशांना सुंभाने टांगलेले. कांद्याच्या माळाही तिथेच. (कांदा आणि कंद एकत्र रचू नका, कांद्याला कडक कोरडं लागतं.) आता चूल गेली, स्लॅब आला, पण खालून वारा लागला पाहिजे हे तेच आहे. म्हणून आम्ही बांबूचे तीन मजली रॅक मापाने करून देतो, फ्लॅटच्या गॅलरीत बसेल एवढा पण होतो. घरी जुनी तट्टी असेल तर ती धुऊन वाळवून वापरा, रॅक घेतलाच पाहिजे असं नाही. उंदराची तेवढी काळजी घ्या.

मार्च-एप्रिलात कोंब फुटणारच, तो बेण्याचा दोष नाही, कंदाची झोप संपली एवढंच. कोंब आलेले जपून ठेवा, मे अखेरीला किंवा पहिल्या पावसावर तेच लावा, पुढच्या वर्षी आमच्याकडून कमी बेणं घ्यावं लागेल.

नवीन बेण्याचं बुकिंग मार्चपासून. रॅकचं माप पाठवताना उंचीसुद्धा लिहा, बरेच जण तीच विसरतात. दहा दिवस पडवीत ठेवल्याशिवाय आम्ही ताजा खणलेला माल कुणालाच देत नाही, कितीही गडबड असली तरी, तेव्हा सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी फोन करू नका. आणि न्यायला येताना गोणपाटाची पिशवी आणा.