शेळीच्या रक्तातले उमाळे

माणसाच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटेपासून चढू लागतं, जागं होण्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. रात्री हिंडणाऱ्या उंदरात अशाच संप्रेरकाची भरती संध्याकाळी, बाहेर पडायच्या वेळी येते. म्हणून कॉर्टिसॉलला नुसतं ‘ताणाचं संप्रेरक’ म्हणणं मला अपुरं वाटतं. यकृताला साखर मोकळी करायला लावून ते शरीराला पुढच्या कामासाठी तयार करतं.

शेळीचं काय? ती आपल्यासारखी सलग झोपतच नाही. रात्रीही रवंथ करते, डुलकी घेते, उठते, पुन्हा बसते. त्यामुळे तिच्यात दिवस-रात्रीची लाट फिकी असते. काही प्रयोगांत ती दिसते, काहींत आलेख जवळजवळ सपाट येतो.

सपाट, पण सरासरी काढल्यावर. दर दहा-पंधरा मिनिटांनी रक्त तपासलं तर दिसतात ते उमाळे. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला इशारा देतो, ती एसीटीएच हे निरोप्या संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवू लागतात. त्यांच्याकडे तयार साठा जवळजवळ नसतो, म्हणून थोडा वेळ जातो. रक्तात कॉर्टिसॉल वाढलं की तेच मेंदूला आवर घालतं. मग पातळी उतरते, आवर सुटतो, पुन्हा इशारा जातो. या उशिरामुळेच शांत उभ्या असलेल्या शेळीतही पातळी वरखाली होत राहते. अर्ध्या तासाच्या अंतराने घेतलेले दोन नमुने दोन वेगळ्या शेळ्यांचे वाटावेत इतके वेगळे येऊ शकतात.

दुभत्या शेळीत यावर धारेच्या वेळा येऊन बसतात. सडांना हात लागला की मेंदूकडे संदेश जातो, ऑक्सिटोसिन सुटतं, पान्हा येतो आणि कॉर्टिसॉलही वाढू शकतं. याला छळ समजू नये. कासेतल्या पेशींना दुधातली प्रथिनं बनवायला प्रोलॅक्टिन आणि इन्सुलिन या संप्रेरकांच्या जोडीला कॉर्टिसॉल लागतंच.

खरी पंचाईत मोजण्यात आहे. शेळीला कळपातून वेगळी काढली, की ती ओरडू लागते. मान धरून सुई टोचेपर्यंत काही मिनिटं गेली, तर आपण मोजतो ती आपणच दिलेली भीती. म्हणून संशोधक मानेच्या शिरेत आधीच बारीक नळी बसवून ठेवतात आणि शेळी सरावल्यावर नमुने घेतात. लेंड्यांतून कॉर्टिसॉलचे अवशेष तपासायची रीत मला अधिक दयेची वाटते. शेळीला हातही लावावा लागत नाही. फक्त त्या लेंड्या साधारण अर्ध्या दिवसापूर्वीची हकीकत सांगतात, आणि तासाभराचे उमाळे त्यांत मिसळून जातात. केसांत तर कित्येक आठवड्यांचा हिशेब साठतो.

आपल्याकडे करडं घरी कोंडून शेळ्या दिवसभर रानात जातात. संगमनेरी किंवा उस्मानाबादी शेळी मे महिन्यात सांजेला परतते, तेव्हा तिच्या रक्तात दुपारचं ऊन, चाललेली वाट, करडांची हाक आणि धारेची वेळ एकत्र आलेली असते. त्या वेळच्या आकड्याची तुलना दिवसभर गोठ्यात बांधलेल्या शेळीच्या सकाळच्या आकड्याशी केली, तर कोणती शेळी अधिक त्रासात आहे ते त्यातून कळणार नाही. त्यासाठी दोघींचे नमुने अनेक दिवस, ठरलेल्या त्याच त्या वेळांना घ्यावे लागतील आणि प्रत्येक नमुन्यापुढे धार कधी काढली, खुराक कधी दिला हेही लिहावं लागेल.