पहिली शंका परिचारिकेला यायला हवी

१९८४च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, द डॅल्स नावाच्या गावात पोट बिघडलेले रुग्ण अचानक वाढू लागले. आकडा ७५१वर गेला. हॉटेलांतल्या कामगारांनी स्वच्छता पाळली नसावी, असं तेव्हा आरोग्य खात्याला वाटलं. रजनीश पंथातल्या काही जणांनी सॅलडमध्ये मुद्दाम साल्मोनेला जंतू मिसळले होते, हे उघड व्हायला वर्ष लागलं.

जैविक हल्ला असा रोजच्या दुखण्याचं सोंग घेऊन येतो. जंतू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस लागतात, आणि तोवर माणसं पांगलेली असतात. ती जिथे पुन्हा एकत्र येतात ती जागा म्हणजे रुग्णालय, आणि तिथे बहुतेकदा सगळ्यांत आधी त्यांच्याशी बोलते ती परिचारिका. म्हणून अशा हल्ल्यांसाठी परिचारिकेला जे प्रशिक्षण दिलं जातं, त्याचा सगळ्यांत मोठा वाटा तिची नजर तयार करण्यावर खर्च व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

अशा हल्ल्यात वापरल्या जाऊ शकणाऱ्या रोगांपैकी देवीचंच बघा. हा रोग जगातून संपल्याचं १९८०मध्ये जाहीर झालं, त्यामुळे आज कामावर असलेल्या बहुतेक परिचारिकांनी तो पाहिलेलाच नाही. कांजिण्यांचे फोड छाती-पोटावर जास्त असतात आणि एकाच वेळी काही नवे, काही पाण्याने भरलेले, काही खपली धरलेले दिसतात. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट येतात, तळहात-तळपायही सोडत नाहीत, आणि शरीराच्या एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असतात. बोट्युलिझमचा, म्हणजे एका जंतूच्या विषामुळे स्नायू लुळे पडणाऱ्या आजाराचा, रुग्ण याहून वेगळा. ताप नाही, शुद्ध पूर्ण, पण पापण्या मिटत चाललेल्या, एकाचे दोन दिसतात, आणि लुळेपणा चेहऱ्याकडून खाली उतरत जातो. एकाच दिवशी असे दोघे-तिघे आले, तर निदानाची वाट न बघता वरिष्ठांना कळवायचं.

कोण कोणाला लागण देतो, हेही पाठ हवं. अँथ्रॅक्स हा मुख्यतः गुराढोरांना होणारा जंतुजन्य रोग श्वासातून माणसाकडून माणसाला होत नाही. फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्यातून पसरतो. हे माहीत असलं की अँथ्रॅक्सच्या रुग्णाजवळ जायला हात कचरत नाहीत, आणि प्लेगच्या रुग्णाला मास्क लावून वेगळं ठेवायला उशीर होत नाही.

दुसरी तयारी हातांची. पीपीई किट घालण्यापेक्षा काढताना धोका जास्त, कारण बाहेरची बाजू दूषित झालेली असते. सरावात किटवर एक द्रव लावतात. साध्या उजेडात तो दिसत नाही. हातमोजे, गॉगल, गाऊन आणि शेवटी मास्क उतरवून झाला की अतिनील दिवा लावतात. मनगटावर, मानेवर, कानामागे ठिपके चमकतात, आणि चूक नेमकी कुठे झाली ते त्या परिचारिकेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. तासभराच्या व्याख्यानाने हे साधत नाही. २०१४मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात इबोलाच्या एका रुग्णाची शुश्रूषा करताना दोन परिचारिकांना लागण झाली होती. तो हल्ला नव्हता, दोघी बऱ्याही झाल्या. पण अशा सरावावर जगभर जोर आला तो त्यानंतर.

आणि हा सराव रात्रपाळीतही व्हावा. तेव्हा माणसं कमी असतात, वरिष्ठ घरी असतात, आणि फोन कोणाला करायचा हे हजर असलेल्या परिचारिकेलाच माहीत असावं लागतं.