प्रोसेसरची श्वाननिद्रा

दाराच्या चौकटीवर चिकटवलेला सेन्सर किंवा गाडीची रिमोट किल्ली उघडली, तर आत बहुतेकदा एक चपटा बटन सेल दिसतो. त्यावर 'सीआर२०३२' असं कोरलेलं असतं. या नावातच त्याची मापं आहेत: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्यात साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज साठते. शेजारचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोसेसर, मेमरी वगैरे एकाच चिपवर असलेला छोटा संगणक, सतत जागा राहून ५ मिलिअँपिअर ओढत बसला, तर ४४ तासांत सेल संपेल. दोन दिवससुद्धा नाहीत! पण तोच मायक्रोकंट्रोलर गाढ झोपेत २ मायक्रोअँपिअरवर भागवत असेल, तर हिशेब १,१०,००० तासांवर, म्हणजे साडेबारा वर्षांवर जातो. तेवढ्या काळात सेल आपला आपण उतरतो आणि मध्ये कामासाठी जागंही व्हावं लागतं, त्यामुळे खरा आकडा कमी भरतो. तरी दोन दिवस आणि काही वर्षं यांतला फरक झोपेमुळेच पडतो.

विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत श्वाननिद्रा सांगितली आहे. कुत्रं झोपलेलं असतं, पण पाऊल वाजलं की त्याचे कान टवकारलेले. छोट्या प्रोसेसरकडून नेमकी हीच अपेक्षा असते. गणित करणारा भाग थांबवायचा, त्याला ठोके देणारं घड्याळ बंद करायचं आणि बाहेरची चाहूल घेणारा एक कोपरा तेवढा जागा ठेवायचा. बटन दाबलं, रेडिओवर संदेश आला किंवा ठरलेली वेळ झाली, की हा कोपरा प्रोसेसरला हाक मारतो. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात.

झोपायचं कधी, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. फ्रीआरटीओएससारख्या छोट्या सिस्टिममध्ये सगळ्यात खालच्या प्राधान्याची एक 'आयडल टास्क' कायम असते. बाकी कुणालाच काम नसेल तेव्हाच तिची पाळी येते. तिची पाळी येणं म्हणजेच झोपायला हरकत नसणं. मग ती प्रोसेसरला झोपेची एक सूचना देते. आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरांत या सूचनेचं नाव डब्ल्यूएफआय, म्हणजे 'वेट फॉर इंटरप्ट'. सूचना एवढीशीच, पण ती चुकीच्या क्षणी दिली तर सगळंच बिघडतं.

समजा, प्रोग्रॅम आधी विचारतो, 'काही काम आलंय का?' उत्तर येतं, नाही. पुढची पायरी, 'मग झोप.' या दोन पायऱ्यांमध्ये एक फट आहे, एखाद्या मायक्रोसेकंदाहूनही लहान. नेमकं त्याच फटीत कुणी बटन दाबलं तर? इंटरप्ट येतो, त्याचा छोटा प्रोग्रॅम 'काम आलं' अशी खूण करून परततो आणि प्रोसेसर जिथे होता तिथून पुढे निघतो. तो होता कुठे? झोपेच्या सूचनेच्या उंबरठ्यावर. काम आलंय की नाही हा प्रश्न त्याने मघाशीच विचारून घेतलाय, तो पुन्हा विचारत नाही. तो झोपतो आणि काम उशाशी तसंच पडून राहतं. पुढची हाक तासाभराने येणार असेल, तर ते काम तासभर थांबतं. हा दोष टेबलावर हजार वेळा बटन दाबूनही सापडेलच असं नाही. उपकरण बाहेर गेलं, महिनोन्महिने चाललं, की एखाद्या दिवशी तो वर येतो.

उपाय सोपा वाटतो: विचारण्याआधीच इंटरप्ट बंद करा. पण मग झोपल्यावर उठवणार कोण? मला या विषयातली सगळ्यात सुंदर गाठ हीच वाटते, कारण ती सॉफ्टवेअरला एकट्याने सुटत नाही. ज्यांनी चिप आखली त्यांनाच तिचा विचार करावा लागला आणि प्रत्येकाने तो आपापल्या रीतीने केला. इंटेलच्या प्रोसेसरांत इंटरप्ट उघडण्याची सूचना दिली, की ती लगेच लागू होत नाही; तिच्या पुढची एक सूचना आधी पार पडते. ती पुढची सूचना झोपेची ठेवली, की फटच उरत नाही. अर्ड्युइनो बोर्डांमुळे माहीत झालेल्या एव्हीआर चिपांतही हीच युक्ती आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३०मध्ये इंटरप्ट उघडणं आणि झोपणं हे एकाच रजिस्टरमधले (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या नोंदजागेतले) दोन बिट आहेत. एकाच सूचनेत दोन्ही बदलले की झालं.

आर्मची रीत मला सगळ्यात आवडते. इंटरप्ट बंद असतानाच डब्ल्यूएफआय सूचना द्यायची. हाक आली की प्रोसेसर उठतो, पण हाकेला लगेच ओ देत नाही. आधी शांतपणे पुढच्या ओळी चालवतो. हाक आधीच येऊन थांबलेली असेल तर तो झोपतच नाही. दार बंद ठेवून आतून बेल ऐकण्यासारखं हे आहे. उठल्यावर घड्याळं नीट लावायची, वेळेचा हिशेब करायचा आणि मग दार उघडायचं. यात एक खाच मात्र आहे. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४वर फ्रीआरटीओएस एरवी नाजूक काम करताना बेसप्राय नावाच्या रजिस्टरने ठरावीक प्राधान्याखालचे इंटरप्ट अडवतं. पण त्याने अडवलेली हाक प्रोसेसरला उठवत नाही. म्हणून झोपेच्या कोडमध्ये ते नेहमीची पद्धत टाळून प्रायमास्क हे, हाक आली की उठू देणारं दुसरं कुलूप लावतं. दोन्ही कुलपं वरवर सारखीच दिसतात. चुकीचं लावलं, तर कुत्रं बहिरं होऊन झोपतं.

आता वेळेचा हिशेब. अशी सिस्टिम बऱ्याचदा सेकंदाला १००० टिचक्या मोजत असते; टिचकी म्हणजे वेळ मोजण्यासाठी ठरावीक अंतराने येणारा इंटरप्ट. प्रत्येक टिचकीला उठायचं म्हटलं तर झोप कसली? म्हणून झोपण्यापूर्वी पुढचं काम किती टिचक्यांनी आहे ते पाहायचं, टिचक्या बंद करायच्या आणि तेवढ्या वेळाचा गजर लावायचा. उठल्यावर, प्रत्यक्षात किती झोप झाली ते मोजून तेवढ्या टिचक्या एकदम पुढे सरकवायच्या. आर्मचा नेहमीचा सिसटिक टायमर २४ बिटांचा आहे. ४८ मेगाहर्ट्झवर तो सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात संपतो, शिवाय गाढ झोपेत तो बंदही पडतो. त्यामुळे लांब झोपेसाठी मनगटी घड्याळातलाच क्वार्ट्झ वापरतात, सेकंदाला ३२,७६८ कंपनांचा. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. त्याच्या कंपनांत दहा लाखांत २० इतकी चूक असली, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो.

जागं होणंही फुकट नसतं. एसटीएम३२एफ१०३ ही चिप ७२ मेगाहर्ट्झवर धावते, पण 'स्टॉप' झोपेतून उठते ती आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर. ७२चं घड्याळ पुन्हा जोडलं नाही, तर सगळं नऊपट सावकाश चालतं आणि सीरियल केबलवरून येणारी अक्षरं वाचता येत नाहीत. त्याहून खोल 'स्टँडबाय' म्हणजे कुंभकर्णाचीच झोप. त्यात मेमरी पुसली जाते आणि उठल्यावर प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. जेमतेम काही मिलिसेकंदांची सवड असेल, तर तिथवर उतरण्यात अर्थ नाही. उठण्याचा खर्चच जास्त होतो.

आणि हे सगळं जमलं तरी एक पिन घात करू शकते. ३.३ व्होल्टच्या बोर्डावर १० किलोओहमचा पुल-अप रोधक (पिनला एरवी ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा) लावलेली पिन झोपण्यापूर्वी शून्यावरच राहिली, तर त्या रोधकातून ३३० मायक्रोअँपिअर गळत राहतात. प्रोसेसर मात्र २ मायक्रोअँपिअरवर शांत झोपलेला असतो. कोड अचूक असूनही सेल २८ दिवसांत रिकामा होतो.