नंबर वन, पण कुठला? ऐंशीच्या दशकाअखेरचे दोन चार्ट

१९८६ ते ८९ची इंग्रजी गाणी पुन्हा ऐकायला बसलं की प्रत्येक यादीत एक वाक्य हमखास भेटतं: ‘हे नंबर वन होतं.’ कुठे होतं, ते कुणी सांगत नाही. रिक ॲस्टलीचं ‘नेव्हर गोना गिव्ह यू अप’ ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९८७मध्ये पहिलं आलं आणि पाच आठवडे तिथून हललं नाही. अमेरिकेत ते पहिलं यायला मार्च १९८८ उजाडला. व्हिटनी ह्यूस्टन आणि मॅडोना तर दोन्हीकडे अव्वल. म्हणून वाटतं की देश दोन असले तरी मोजपट्टी एकच. माझाही बरीच वर्षं हाच समज होता. प्रत्यक्षात या दोन चार्टांत, म्हणजे गाण्यांच्या दर आठवड्याच्या क्रमवाऱ्यांत, मोजल्या जाणाऱ्या गोष्टीच वेगळ्या होत्या.

ब्रिटनचा हिशोब सरळ: आठवडाभरात दुकानांतून किती सिंगल (एकेका गाण्याच्या रेकॉर्ड) खपले, एवढंच. १९८३पासून हे काम गॅलप या सर्वेक्षण कंपनीकडे होतं. निवडक दुकानांत त्यांनी छोटी यंत्रं ठेवली होती. विकलेल्या रेकॉर्डचा क्रमांक गल्ल्यावर त्यात टाकायचा, मग आकडे फोनच्या तारेवरून गॅलपकडे जायचे. ऑक्टोबर १९८७पासून तर शनिवारपर्यंतची विक्री रविवारी संध्याकाळी बीबीसीच्या रेडिओ वनवर चार्ट होऊन ऐकू येऊ लागली. गाणं रेडिओवर किती वाजलं, याचा या हिशोबाशी काही संबंध नव्हता.

त्यामुळे काय होऊ शकतं, ते जानेवारी १९८७मध्ये दिसलं. शिकागोच्या स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीचं ‘जॅक युवर बॉडी’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं. ड्रम मशीनचा एकसुरी ठेका, खाली गोल फिरणारा बेस आणि तेच दोन-तीन शब्द तुकडे करून पुन्हा पुन्हा. कडवं नाही, ध्रुवपद म्हणावं असंही काही नाही. रेडिओवर ते फारसं वाजलंच नव्हतं. क्लबांत नाचणाऱ्या पोरांनी दुकानात जाऊन रेकॉर्ड घेतली आणि हाउस संगीत, म्हणजे क्लबांतलं हे यंत्रांवरचं नृत्यसंगीत, पहिल्यांदा ब्रिटिश चार्टच्या माथ्यावर बसलं. आणि ज्या देशात ते जन्मलं, त्या अमेरिकेच्या हॉट १०० या मुख्य चार्टमध्ये त्याला जागाच मिळाली नाही. मला ही गोष्ट अजूनही चटका लावते.

कारण ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाचा हॉट १०० हा १९५८पासूनच विक्री आणि रेडिओ यांची बेरीज होता. रेडिओ स्टेशनं आपापल्या वाजवायच्या याद्या कळवत. दुकानदार कोणती रेकॉर्ड जास्त खपतेय त्याचा क्रम सांगत, नेमका आकडा नव्हे. म्हणजे स्टेशनांनी मनावर घेतल्याशिवाय वर चढणं कठीण. पण त्यांनी मनावर घेतलं, की विस्मरणात गेलेलं गाणंही उठून उभं राहायचं.

बर्मिंगहॅमच्या यूबी४०चं ‘रेड रेड वाइन’ बघा. मूळ गाणं नील डायमंडचं, यूबी४०ने ते रेगे या जमैकन संगीताच्या ढंगात गायलं. १९८३मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं, १९८४मध्ये अमेरिकेत कसंबसं चौतिसावं, आणि विषय संपला. मग १९८८मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या एका स्टेशनने ते पुन्हा लावायला सुरुवात केली. ऐकणारे पुन्हा पुन्हा मागू लागले, इतर स्टेशनांनी उचललं, आणि ऑक्टोबर १९८८मध्ये पाच वर्षांचं जुनं गाणं अमेरिकेत नंबर वन झालं.

कॅनडाच्या शेरिफ बँडचं तर त्याहून विलक्षण. ‘व्हेन आय’म विथ यू’ १९८३मध्ये अमेरिकेत एकसष्टाव्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबलं. १९८५मध्ये बँडच मोडला. पुढे रेडिओवाल्यांनी गाणं उकरून काढलं आणि फेब्रुवारी १९८९मध्ये ते पहिलं आलं, तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता.

तेव्हाच्या अमेरिकन रॉकबद्दलचा गोंधळही यातून बराच सुटतो. बॉन जोव्हीचं ‘बॅड मेडिसिन’ १९८८मध्ये अमेरिकेत पहिलं, ब्रिटनमध्ये सतरावं. पॉयझनचं ‘एव्हरी रोज हॅज इट्स थॉर्न’ अमेरिकेत पहिलं, ब्रिटनमध्ये तेरावं. आवडीनिवडीचा फरक होताच, पण अमेरिकेत रेडिओचा हातही पाठीशी होता.

नोव्हेंबर १९९१मध्ये हॉट १००ने ही पद्धत बदलली. विक्री दुकानातल्या बारकोडवरून आणि वाजणं यंत्राने टिपून मोजलं जाऊ लागलं. म्हणून ऐंशीच्या दशकातला अमेरिकन नंबर वन आणि १९९२चा नंबर वन हेही एकाच तराजूत घालू नयेत.

फरक कानाने ऐकायचा असेल तर ‘जॅक युवर बॉडी’ लावा आणि ते संपताच ‘व्हेन आय’म विथ यू’. पहिल्यात पाय थांबत नाहीत. दुसरं संथ, पियानोच्या सोबतीने उलगडत जातं आणि शेवटी गायक एक उंच सूर असा धरून ठेवतो की त्याच्या दमसासाला मनापासून दाद द्यावी. दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही नंबर वन होती, एक लंडनच्या हिशोबाने, दुसरं न्यू यॉर्कच्या.