‘इथे फोटो काढायला परवानगी नाही’ हा नियम आला कुठून?

मॉलमध्ये कुणी जरा मोठा कॅमेरा बाहेर काढला की दोन मिनिटांत सुरक्षारक्षक समोर हजर होतो. मोबाइलवरच्या सेल्फीकडे तो काणाडोळा करतो, पण लांब लेन्स किंवा ट्रायपॉड दिसला की ‘साहेब, फोटो अलाउड नाही’. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. मालकाचा हक्क नेमका कशावर चालतो? डोळ्यांसमोरच्या दृश्यावर, काढलेल्या फोटोवर, की फक्त आत येण्याच्या परवानगीवर? याचं उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या एका प्रदर्शनावरून झालेल्या खटल्यात मिळतं.

लेडीज केनेल असोसिएशन या संस्थेने आपल्या प्रदर्शनाचे फोटो काढण्याचा ‘एकमेव हक्क’ एका वृत्तछायाचित्र संस्थेला विकला होता. प्रदर्शनाला आलेल्या दुसऱ्याच एका छायाचित्रकाराने आत फोटो काढले आणि ‘अवर डॉग्ज’ या नियतकालिकाने ते छापले. हक्क विकत घेणारी संस्था कोर्टात गेली आणि हरली. १९१६ मध्ये खालच्या न्यायालयाने आणि १९१७ मध्ये अपील न्यायालयाने एकच सांगितलं: प्रदर्शनाच्या दृश्यावर आयोजकांची मालकी नाही, त्यामुळे त्या दृश्याचे ‘फोटोहक्क’ नावाची मालमत्ता त्यांच्याकडे विकायला नव्हतीच. मात्र, जागा त्यांच्या ताब्यात होती. आत येणाऱ्याला ‘फोटो काढायचे नाहीत’ अशी अट त्यांना तिकिटावर घालता आली असती. ती त्यांनी घातली नव्हती.

तिकिटामागे बारीक अक्षरात छापलेल्या अटी आणि दारावरच्या पाट्या यांचं सगळं बळ याच तर्कातून येतं. मनाई हा कायदा नाही, ती प्रवेशाची अट आहे. हा फरक आपल्याकडे कुणी नीट समजावूनच सांगत नाही, याची मला खंत वाटते.

वीस वर्षांनी सिडनीत याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. व्हिक्टोरिया पार्क रेसकोर्सच्या शेजारच्या घराच्या आवारात उंच मचाण बांधलं गेलं आणि तिथून शर्यतींचं धावतं वर्णन रेडिओवर जाऊ लागलं. रेसकोर्सची गर्दी घटली. १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी रेसकोर्सचा दावा फेटाळला. सरन्यायाधीश लेथम यांचं म्हणणं असं, की दृश्य कुणाच्या मालकीचं नसतं. बघू द्यायचं नसेल तर मालकाने कुंपण उंच करावं. म्हणजे फाटकाच्या आत मालकाची अट चालते, बाहेरून जे दिसतं त्यावर ती चालत नाही.

कॉपीराइटचा कायदा तर छायाचित्रकाराच्या बाजूनेच झुकलेला आहे. ब्रिटिशांचा १९११ चा कायदा १९१४ मध्ये काही फेरफारांसह इथे लागू झाला. त्यातही सार्वजनिक जागी किंवा सार्वजनिक इमारतीत कायम उभ्या असलेल्या शिल्पाच्या आणि वास्तूच्या फोटोला सूट होती. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ ने वास्तूच्या फोटोची सूट कायम ठेवली, आणि शिल्पाच्या बाबतीत ‘सार्वजनिक जागा’ याच्या जोडीला ‘जनतेला प्रवेश असलेलं कोणतंही आवार’ असे शब्द घातले. त्यामुळे मॉलच्या चौकात कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढला तर कॉपीराइटचा भंग होत नाही. रक्षक हटकतो तो जागेच्या मालकीच्या जोरावर.

मग खाजगी जागा लोकांसाठी खुली केली तर मालकीची धार कमी होते का? यावर सर्वाधिक खल अमेरिकेत झाला, फोटोंवरून नव्हे तर पत्रकं वाटण्यावरून. अलाबामातलं चिकसॉ हे अख्खं गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की गावासारखं वागणाऱ्या मालकाला नागरिकांचं स्वातंत्र्य गुंडाळून ठेवता येणार नाही. पण १९७२ मध्ये पोर्टलंडच्या लॉइड सेंटर मॉलच्या बाबतीत त्याच कोर्टाने हात आखडता घेतला: गिऱ्हाइकांना बोलावलं म्हणून दुकानांचं आवार सार्वजनिक होत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न मॉलसोबत आला. १९९९ मध्ये हाजीअलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ सुरू झालं तेव्हा गर्दी आवरण्यासाठी दारात मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवायला सांगत, नाहीतर पैसे भरून आत जावं लागे. लोकांना खुली असलेली जागा खरोखर कुणासाठी खुली आहे, हे तेव्हाच दिसलं होतं. पुढे लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. ज्या गिरणगावात पिढ्या राबल्या, तिथल्या नातवंडांनी आजोबांच्या गिरणीच्या जागेचा नीट फोटो काढायचा तर परवानगी मागायची, हे मला सलतं. शहराची मोकळी जागा अशी खाजगी आवारात सरकत गेली, की शहराची नोंद ठेवणंही मालकाच्या मर्जीवर येतं.

२०१७ मध्ये कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीच्या प्रतिमेला ट्रेडमार्क मिळाला, तेव्हा पर्यटकांचे फोटोही बंद होणार अशी आवई उठली. तसं काही नव्हतं. गेटवेसमोर उभं राहून फोटो काढायला आजही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती ही प्रतिमा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरण्याला.

मग मॉलमधल्या रक्षकाच्या हातात उरतं काय? फोटो थांबवायला सांगणं आणि बाहेर जायला सांगणं. सांगूनही कुणी त्रास देण्याच्या किंवा अपमान करण्याच्या हेतूने अडून बसलं, तर भारतीय न्याय संहितेतलं फौजदारी अतिक्रमणाचं कलम लागू शकतं. पण मोबाइल हिसकावणं, गॅलरी उघडायला लावणं, धाक घालून फोटो डिलीट करायला लावणं याचा अधिकार खाजगी रक्षकाला नाही. एखाद्या स्त्रीचे तिच्या खाजगी क्षणी फोटो काढणं हा तर २०१३ पासून स्वतंत्र गुन्हाच आहे. तिथे जागा कुणाची हा प्रश्न येत नाही. पण तपास तिथेही पोलिसांनी करायचा असतो.

१९१७ चा तर्क लावायचा तर अट आत येण्याआधी सांगितलेली हवी. कित्येक मॉलच्या दारात पिशव्या तपासायचं यंत्र असतं, पण फोटोच्या नियमाची पाटी नसते. छंद म्हणून काढलेला फोटो कोणता, व्यावसायिक चित्रीकरण कोणतं, परवानगी कुणाकडे मागायची, हे दारातच मराठीत लिहिलेलं असावं, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी.